भाग संपला, आता लिहायचं काय?

‘वाचक विचारतात’ या सदरासाठी विज्ञानकथा मालिकांच्या परीक्षणावर प्रश्न मागवले होते. एकेका भागावर लिहायचं तर पाहायचं कसं, नोंदी कशा ठेवायच्या, काय सोडायचं, असे प्रश्न वऱ्हाडातून आले तसे झाडीपट्टीतूनही आले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावं वगळून फक्त गावं दिली आहेत.

प्रश्न : मी तालुक्याच्या साप्ताहिकात मालिकांच्या भागांवर लिहिते. संपादक म्हणतात, “ताई, ही तर गोष्टच सांगितली, परीक्षण कुठं आहे?” सातशे शब्दांतले पाचशे कथानकातच जातात. आवरू कसं? — आर्वी, जि. वर्धा

उत्तर : शब्दांची वाटणी लिहायला बसण्याआधी करा. ७०० शब्दांत कथानकाला १२०, त्याहून एकही जास्त नाही. तेवढ्यात भाग मावत नसेल तर बहुतेक वेळा मुख्य धागा कोणता हेच ठरलेलं नसतं, आणि मग माणूस सगळंच सांगत सुटतो.

भाग दोनदा पाहायचा. पहिल्यांदा वही-पेन लांब. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंदच करून ठेवा, कारण भाग संपल्या संपल्या तीन गोष्टी उतरवायच्या आहेत : कोणतं दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे, लक्ष कुठे उडालं, आणि मुख्य पात्राने कोणता निर्णय घेतला. तिसऱ्याचं उत्तर सापडलं नाही तर तीच परीक्षणातली मोठी तक्रार.

दुसऱ्यांदा पाहताना पानावर चार रकाने आखा : वेळ, दृश्य, त्या दृश्याने काय बदललं, शेरा. दर दृश्याला एक ओळ. पाऊण तासाच्या भागाला दोन-तीन पानं लागतात. तिसरा रकाना महत्त्वाचा. कुणाला नवं काही कळलं, कुणी बाजू बदलली, हातातला वेळ कमी झाला, एखादं साधन गेलं, यातलं काहीतरी तिथे यायला हवं. सलग तीन-चार ओळी रिकाम्या राहिल्या तर भाग तिथे रेंगाळला आहे. मग “मधे भाग जरा संथ होतो” असं मोघम लिहावं लागत नाही. “अठराव्या मिनिटापासून चार दृश्यं येतात आणि त्यांतून पात्रांना किंवा आपल्याला काहीच नवं कळत नाही” असं लिहिता येतं. मात्र रकाना रिकामा म्हणजे दृश्य वाईट, असा हिशोब करू नका. दोन माणसं नुसती जेवत बसलेली असतात आणि दोन भागांनंतर त्यातला एक गेला की ते जेवण आठवतं. अशा दृश्यांसाठीच चौथा रकाना आहे.

टीव्हीसाठी बनलेल्या अमेरिकी मालिका जाहिराती वगळून पाहताना मधेमधे पडदा काळा होतो. ती जाहिरातीची जागा. तिथली वेळ टिपून ठेवा. प्रेक्षकाने चॅनेल बदलू नये म्हणून त्या जागेआधी काहीतरी अडकवून ठेवणं लेखकाला भागच असतं. ते अडकवणं कथेतून आलं की उगाच धक्का म्हणून, हे चार-पाच नोंदींतच कळतं. थेट ॲपसाठी बनलेल्या मालिकांवर हे बंधन नाही आणि ठरलेल्या लांबीचंही नाही. एक भाग ३५ मिनिटांचा, पुढचा ७० चा. तिथे सैलपणा शोधावा लागत नाही, तो समोरच असतो.

आता मुख्य काम. विज्ञानकथेचा भाग सुरुवातीलाच एक नियम घालतो : या जगात अमुक शक्य आहे, तमुक नाही. परीक्षण करायचं ते या नियमाचं. तो नियम कुणाला किती महाग पडला, आणि शेवटी लेखकाने तो पाळला की सोयीसाठी मोडला?

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’च्या २००४ साली सुरू झालेल्या नव्या मालिकेतला ‘थर्टी थ्री’ हा भाग घ्या. लेखन रोनाल्ड डी. मूर, दिग्दर्शन मायकेल रायमर. माणसांचा उरलासुरला ताफा पळतो आहे, दर ३३ मिनिटांनी शत्रू गाठतो, यानांचा ताफा क्षणात अवकाशात दूरवर उडी मारून निसटतो, आणि पाच दिवस कुणी झोपलेलं नाही. कथानक एवढ्यात आटोपतं. ३३ च मिनिटं का, हे भाग सांगतच नाही. ते खटकतही नाही, कारण इथे कथेला कारण नको, घड्याळ हवं आहे. परीक्षणात लिहिण्यासारखं आहे ते पुढे. वाढलेल्या दाढ्या, अर्धवट तुटणारी वाक्यं, साध्या आज्ञेला लागणारा उशीर, हलत्या कॅमेऱ्याने धरलेले चेहरे. झोप नाही हे संवादांपेक्षा यांतून जास्त कळतं. मग अशा थकलेल्या माणसांपुढे एक निर्णय येतो, आणि तो बरोबर की चूक हे भाग आपल्यावर सोडतो. २००५ साली या भागाला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

तर ७०० शब्दांची वाटणी : कथानक १२०, नियम आणि त्याची किंमत २५०, अभिनय-दिग्दर्शन-आवाज २००, मालिकेच्या ओघात या भागाची जागा ८०, आणि लेखक-दिग्दर्शकांची नावं, भागाची लांबी, कुठे पाहता येईल यासाठी ५०. लेखकाचं नाव गाळू नका. मालिकेत दर भागाचा लेखक बदलू शकतो, आणि एकाच लेखकाचे तीन भाग ओळीने पाहिले की त्याच्या सवयी दिसायला लागतात.

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवतो. अवकाशात स्फोटाचा आवाज, मंगळाशी फोनवर बोलल्यासारख्या गप्पा, अशा दहा चुका दर भागात सापडतात. सगळ्या लिहिल्या तर उत्तरपत्रिका तपासल्यासारखं होतं. सोडल्या तर मन खातं. — मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : गुरुजी, घराच्या भिंतीचा रंग उडालेला असणं वेगळं आणि आढ्याला वाळवी लागलेली असणं वेगळं. चूक मनातल्या मनात दुरुस्त करून पाहा. तरीही कथा उभी राहिली तर चूक रंगाची. एक ओळ लिहा किंवा सोडून द्या. कथा कोसळली तर चूक आढ्याची. तिला परिच्छेद द्या.

अवकाशातला आवाज काढून टाकला तरी लढाई तीच राहते. सोडून द्या. मंगळाचं मात्र तपासा. प्रकाश आणि रेडिओ संदेश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातात. चंद्रापर्यंत एका बाजूला १.३ सेकंद, मंगळापर्यंत ग्रह जवळ असताना सुमारे ३ मिनिटं आणि दूर असताना सुमारे २२ मिनिटं. प्रश्न गेला आणि उत्तर आलं यात कमीतकमी ६ मिनिटं जाणारच. नायकाने मंगळावरच्या यानाला “आत्ता डावीकडे वळ” सांगितलं आणि त्यामुळे यान वाचलं, तर ही आढ्याची चूक. त्याने फक्त आईची खुशाली विचारली तर दुर्लक्ष करा.

लागणारी गणितं चारच आहेत. वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

एक, प्रवासाचा वेळ. यान अर्ध्या वाटेपर्यंत सारखा वेग वाढवत गेलं आणि उरलेली अर्धी वाट उलटं फिरून वेग कमी करत गेलं, तर वेळ = २ × √(अंतर ÷ त्वरण). मंगळ ५.५ कोटी किलोमीटरवर असताना पृथ्वीच्या गुरुत्वाएवढं त्वरण धरलं तर सुमारे ४२ तास. त्याच्या तीन दशांश धरलं तर सुमारे ७६ तास. अंतर मीटरमध्ये आणि त्वरण मीटर प्रति सेकंद वर्ग (९.८) घ्यायला विसरू नका. उत्तर तीस-बत्तीस पटींनी बिघडतं ते इथेच.

दोन, फिरून मिळणारं गुरुत्व. मिनिटाला दोन फेऱ्या घेणाऱ्या चक्रात पृथ्वीएवढं वजन जाणवायला त्रिज्या सुमारे २२४ मीटर हवी. पडद्यावर वीस-पंचवीस मीटरचं चक्र संथपणे फिरताना दिसलं आणि माणसं आरामात चालत असली, तर ती सजावट आहे.

तीन, निर्वात. माणूस फुटत नाही आणि क्षणात बर्फही होत नाही. पण शुद्ध झपाट्याने जाते. १९६६ मध्ये नासाच्या एका चाचणीत अवकाशपोशाखातली (सूट) हवा सुटली तेव्हा आतला तंत्रज्ञ सुमारे १४ सेकंदांत बेशुद्ध झाला होता. दाब लगेच परत वाढवल्याने तो वाचला. तेव्हा सुटाशिवाय दहा सेकंदांची उडी चालेल, बाहेर दीड मिनिटाची मारामारी चालणार नाही.

चार, उल्कापात. इथे तुमच्या तालुक्याच्या शेजारचंच उदाहरण. लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. विवर हे पडलेल्या दगडाच्या साधारण १० ते २० पट रुंद होतं, असा ढोबळ हिशोब धरला तर दगड शंभर मीटरच्या आसपासचा निघतो. एसटीएवढा दगड पडून लोणारएवढा खड्डा, असं कुठल्या भागात दिसलं तर हिशोब जुळत नाही. उलट लहान दगड बहुधा हवेतच फुटतात. २०१३ मध्ये रशियातल्या चेल्याबिन्स्कवर आलेला सुमारे २० मीटरचा दगड जमिनीपासून ३० किलोमीटरच्या आसपास उंचीवर फुटला. शहरात खड्डा पडला नाही. खिडक्यांच्या काचा फुटल्या आणि बहुतेक माणसं त्या काचांनी जखमी झाली. पटकथालेखकाला हे माहीत असेल तर तो आग दाखवण्याआधी काचा दाखवेल.

नियम कडक पाळणाऱ्या मालिकाही तुमच्या तपासणीतून सुटणार नाहीत. ‘द एक्सपान्स’मध्ये (२०१५ ते २०२२, सहा पर्वं) अतिकार्यक्षम इंजिन ही एक कल्पित गोष्ट धरली आहे आणि बाकीचं तिच्यातून निघतं. यानातले मजले उंच इमारतीसारखे एकावर एक, कारण ‘खाली’ म्हणजे इंजिनाची बाजू. अर्ध्या वाटेत यान उलटं फिरतं. जोराच्या त्वरणात माणसांना इंजेक्शनं घ्यावी लागतात. पण याच मालिकेत सेरेस हा लघुग्रह फिरवून आत गुरुत्व निर्माण केलेलं आहे. सेरेसचं स्वतःचं गुरुत्व पृथ्वीच्या पस्तिसाव्या भागाच्या आसपास. खडक-बर्फाचा तो गोळा इतक्या जोरात फिरवला तर तो एकसंध राहणार नाही, उधळेल. चूक मोठी, आणि तरीही आढ्याची नाही. सेरेसवरच्या लोकांना पाणी-हवेसाठी दुसऱ्यांच्या तोंडाकडे पाहावं लागतं यावर कथा उभी आहे, आणि वजन कुठून येतं याने त्यात फरक पडत नाही. ग्लासात ओतलेलं पेय किंचित वळून पडतं एवढ्यापुरतं ते फिरणं वापरलं आहे, आणि छान वापरलं आहे.

याउलट ‘स्टार ट्रेक’मध्ये यानं प्रकाशापेक्षा वेगाने जातात. तो त्या मालिकेचा गृहीत नियम, त्यावर दर भागाला आक्षेप घेणं म्हणजे कबड्डीत हाताने का धरतात म्हणून विचारणं. पण एका भागात चार दिवस लागणारं अंतर दुसऱ्या भागात लेखकाच्या गरजेनुसार दोन तासांत कापलं गेलं, तर जरूर लिहा.

प्रश्न : गावात वीज कधी जाईल सांगता येत नाही, नेट फक्त गच्चीवर धरतं, आणि रोजचा डेटा दीड जीबी. दोनदा कसं पाहायचं? — तिरोडा, जि. गोंदिया

उत्तर : भाग डाउनलोड करूनच पाहा. एकदा उतरवला की दुसऱ्यांदा पाहायला डेटा लागत नाही. गुणवत्ता ‘स्टँडर्ड’ ठेवा. एचडीत तासाला ३ जीबीपर्यंत जाऊ शकतात, स्टँडर्डमध्ये पाऊण तासाचा भाग साधारण अर्ध्या ते पाऊण जीबीत येतो. रोजचा डेटा बारा वाजता नव्याने मिळत असेल तर डाउनलोड रात्री साडेअकराला लावा : आजचा उरलेला वापरला जाईल आणि कमी पडला तर उद्याचा सुरू होईल.

गच्चीवरून खाली येण्याआधी फोन विमान मोडवर टाकून भाग सुरू होतो का आणि सबटायटल दिसतात का तेवढं पाहा. एक-दोन सेकंदच. काही डाउनलोड पहिल्यांदा चालवल्यापासून ४८ तासांतच संपतात, म्हणून ही तपासणीसुद्धा दोन्ही वेळा पाहायला सवड असेल तेव्हाच करा.

मोबाइलच्या स्पीकरवर मंद घरघर, दूरचा इशारा ऐकूच येत नाही, म्हणून ईअरफोन हवेतच. आणि अंधारे प्रसंग दिवसा अंगणात पाहून “चित्रीकरण काळोखं आहे” असं लिहू नका.

प्रश्न : शेवट न सांगता शेवटावर कसं लिहायचं? — पांढरकवडा, जि. यवतमाळ

उत्तर : भागाच्या पहिल्या पाव हिश्श्यात प्रस्थापित झालेलं सगळं सांगायला मोकळीक. पुढचं सांगायचं तर तशी सूचना वर देऊन परीक्षणाच्या शेवटच्या एक-तृतीयांशात. मुख्य म्हणजे शीर्षकात आणि चित्रात रहस्य जाऊ देऊ नका. मजकूर न वाचणाऱ्यालाही ते दिसतं.

शेवटावर लिहायचं तर घटना लपवा, बांधणी दाखवा. ‘द ट्वायलाइट झोन’मध्ये १९५९ साली ‘टाइम इनफ ॲट लास्ट’ नावाचा पंचवीस मिनिटांचा भाग आला. बँकेतल्या एका कारकुनाला फक्त वाचायचं असतं आणि साहेब, बायको, कुणीच त्याला वाचू देत नाही. याबद्दल असं लिहिता येतं : “शेवटी जी वस्तू सगळं ठरवते ती सुरुवातीपासून आपल्या डोळ्यांपुढे आहे, आणि तरीही आपण तिच्याकडे पाहिलेलं नसतं.” ज्याने पाहिलंय त्याला कळलं. ज्याने नाही पाहिलं त्याचं काही बिघडलं नाही.

एक फसवी सवय टाळा. “शेवटचा धक्का अजिबात चुकवू नका” एवढं लिहिलं तरी वाचक धक्क्याची वाट पाहत बसतो आणि तो आधीच ओळखतो.

प्रश्न : ‘डार्क’ पाहतोय. सहाव्या भागापर्यंत कोण कुणाचा कोण हेच विसरायला होतं. मधल्याच एका भागाचं परीक्षण करायचं तर कसं? — चिमूर, जि. चंद्रपूर

उत्तर : ही जर्मन मालिका २०१७ ते २०२० मध्ये आली. तीन पर्वं, १० + ८ + ८ असे २६ भाग. विंडेन नावाचं काल्पनिक गाव, चार घराणी : कानवाल्ड, नील्सन, डोप्लर, टीडमन. पहिलं पर्व मुख्यतः २०१९, १९८६ आणि १९५३ मध्ये फिरतं, दर वेळी ३३ वर्षांचं अंतर. (वरच्या उत्तरातही ३३ च आलं. आम्ही जुळवून आणलेलं नाही.)

आडव्या मोठ्या कागदावर तीन उभे पट्टे आखा, दर सालाला एक. घराण्यागणिक आडवी ओळ. एकच माणूस तीन वयांत तीन नट करतात, म्हणून नटाचं नाव लिहू नका. पात्राचं नाव आणि ओळखायची एखादी खूण लिहा : डोळा, व्रण, कोट. पेन्सिलनेच लिहा, नाती पुढे बदलतात. बाहेरचे तयार वंशवृक्ष पाहू नका, त्यांत तिसऱ्या पर्वाची गुपितं असतात. मूळ जर्मन आवाज ठेवून सबटायटल वाचली तर नावं पक्की बसतात.

मधल्या भागाला सुरुवात-शेवट स्वतःचा नसतो, म्हणून त्याला वेगळी मोजपट्टी. कागदाच्या कडेला दोन याद्या करा : या भागात उघडलेले प्रश्न आणि मिटलेले प्रश्न. पाच उघडले आणि एकही मिटला नाही, असं ओळीने तीन भाग झालं तर मालिका उधारीवर चालली आहे असं बिनधास्त लिहा. त्याच बरोबर त्या भागापुरती एखाद्या पात्राची गोष्ट पुढे सरकली का हेही पाहा. ‘डार्क’चे चांगले भाग कोड्यात पुढे जातात आणि त्याच वेळी एखाद्या बापाचं किंवा आईचं दुःखही एका पायरीने खोल नेतात. नुसतं कोडं सरकलेले भाग दुसऱ्यांदा पाहताना कोरडे वाटतात.

काळप्रवासात नियम एकच विचारायचा : भूतकाळ बदलता येतो की नाही? ‘डार्क’ लवकरच सुचवतं की बदलायला गेलेला माणूसच ते घडवून आणतो. एकदा हा नियम लिहून ठेवला की पुढच्या दर भागात तो पाळला जातो का, हे तुम्ही स्वतः तपासू शकता. सगळी मालिका संपल्यावर जुनी परीक्षणं दुरुस्त करत बसू नका. सहाव्या भागाचं परीक्षण हे सहा भाग पाहिलेल्या माणसाचं असतं, तेच त्याचं मोल.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या गटाला दूरदर्शनवरच्या जुन्या विज्ञानमालिकांवर लिहायचं आहे. आताच्या पोरांना ते सेट पाहून हसू येतं. — काटोल, जि. नागपूर

उत्तर : १९९८ ची ‘कॅप्टन व्योम’ घ्या, मिलिंद सोमण नायक. सेटवर हसून झालं की तीन प्रश्न विचारा : एकच यंत्र दर भागात तसंच चालतं का, पात्रांना सोडून नुसत्या यंत्रांनी किती वेळ खाल्ला, आणि संवाद मिटलेल्या डोळ्यांनी ऐकले तर प्रसंग कळतो का. पैशाच्या मर्यादेला दोष देण्यात अर्थ नाही, त्या मर्यादेतून लेखकाने काय काढलं ते लिहा.

याची मोठी उदाहरणं बाहेर आहेत. ‘स्टार ट्रेक’मध्ये दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवणं परवडणार नव्हतं, म्हणून माणसं क्षणात खाली पाठवणारं यंत्र आलं, आणि पुढे त्या यंत्राच्या बिघाडांवरच भाग बेतले गेले. ‘डॉक्टर हू’ १९६३ मध्ये सुरू झाली. १९६६ मध्ये मुख्य नट विल्यम हार्टनेल यांची तब्येत साथ देईना, तेव्हा नायकाचं शरीरच बदलतं असा नियम घातला गेला. मालिका पुढची कित्येक दशकं त्यावर चालली. पडद्यामागची अशी माहिती कथेवर परिणाम झाला असेल तरच द्या. नटाचं मानधन वगैरे नको.

दोन सावधगिरी. जुन्या भागांची मूळ चौकट ४:३ (रुंदी ४, उंची ३) असते. टीव्हीवर ‘वाइड’ किंवा ‘झूम’ लागलं असेल तर चेहरे फताडे दिसतात नाहीतर डोकी कापली जातात. ते बंद करा. हलत्या वस्तूंच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर तो फाइल बनवणाऱ्याचा दोष, कॅमेरामनचा नव्हे. आणि दुसरं, दाखवल्याचा क्रम आणि बनवल्याचा क्रम वेगळे असतात. ‘स्टार ट्रेक’चा सर्वांत आधी दाखवलेला भाग ८ सप्टेंबर १९६६ चा ‘द मॅन ट्रॅप’, पण त्याच्या कितीतरी आधी बनवलेला ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’ तिसऱ्या क्रमांकावर दाखवला गेला. गणवेश मधेच का बदलले म्हणून तक्रार करण्याआधी हे पाहावं.

प्रश्न : आमी चार पोट्टे रात्री बसून मालिका पाहतो. मले परीक्षण वऱ्हाडीत लिवा वाटते. चालते का? का मंग लोकं हासतीन? — दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : बिनधास्त लिवा. फक्त वऱ्हाडी विनोदापुरती ठेवू नका. हसवायला बोली आणि मत द्यायला पुस्तकी मराठी असं केलं की लोक बोलीलाच हसतात. “यान उलटं काहून फिरलं” हे समजावून सांगायला वऱ्हाडीत काहीच कमी नाही. पात्रांची नावं, आकडे, भागाचं शीर्षक मात्र जसंच्या तसं ठेवा आणि एका नावाचं लेखन सगळीकडे एकच ठेवा.

प्रश्न : हिंदी डबिंग पाहून अभिनयावर लिहिलं तर चालेल का? आणि पाचपैकी किती तारे द्यायचे? — अहेरी, जि. गडचिरोली

उत्तर : डबिंगमध्ये आवाज दुसऱ्याचा असतो, त्यामुळे चेहरा, चाल, थांबणं यांवर लिहा, संवादफेकीवर नको. निदान दोन महत्त्वाची दृश्यं मूळ आवाजात ऐका. सबटायटल आणि डबिंगमधला संवाद बरेचदा जुळत नाही. कथेला कलाटणी देणारं वाक्य उद्धृत करायचं असेल तर दोन्ही पाहा. कोणत्या भाषेत पाहिलं ते परीक्षणाखाली एका ओळीत लिहा.

तारे देऊ नका. साप्ताहिकाचा आग्रहच असेल तर पर्व संपल्यावर एकदाच.

प्रश्न : परीक्षणासोबत भागातलं चित्र छापता येतं का? फोनवर स्क्रीनशॉट घेतला तर काळाच येतो. — ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

उत्तर : ॲपमध्ये चोरी रोखण्याची व्यवस्था असल्याने काळा येतो, फोन बिघडलेला नाही. प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी वाजवी वापराला मुभा आहे. पण वाजवी म्हणजे ज्या दृश्यावर लिहिलं त्याचं एखादं चित्र. भागाची क्लिप जोडणं किंवा चित्रांनी पान भरणं नव्हे. निर्मात्यांनी प्रसिद्धीसाठी दिलेली चित्रं वापरणं सगळ्यात सोपं, त्याखाली निर्मितीसंस्थेचं नाव टाकावं. साप्ताहिक काळ्या-पांढऱ्यात छापलं जात असेल तर अवकाशातलं दृश्य निवडू नका. छापखान्यात ते नुसता काळा चौकोन होऊन येतं. उजेडातला चेहरा निवडा.